79 किलोतला जॉर्डन बरोज

अमेरिकेचा पैलवान जॉर्डन बरोज, त्याचं नाव निघालं की लोक लंडन 2012 बद्दल बोलायला लागतात, आणि त्यात चूक काहीच नाही, शेवटी ऑलिंपिकचं गोल्ड ते ऑलिंपिकचं गोल्ड. पण मला विचाराल तर त्याच्या करिअरमधला खरा बघण्यासारखा भाग चार वर्षांनी सुरू होतो, रिओला, जिथून तो एकही मेडल न घेता डोळे पुसत बाहेर पडला. जिंकणारा बरोज भारी होताच, पण तो जिंकत होता तेव्हा त्याच्याबद्दल बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं असं मला वाटतं. म्हणजे समोरचा कोण आहे विचारायचं, किती वेळात पट काढला (पाय धरून पाडायचा डाव) ते विचारायचं, संपला विषय.

पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर मजा कळणार नाही.

1988 चा जन्म, न्यू जर्सीचा पोरगा, कॅमडेनच्या बाजूचं सिकलरविल म्हणून गाव आहे तिथला. हायस्कूलला स्टेट चॅम्पियन झाला, एकदाच, शेवटच्या वर्षी. अमेरिकेत असे स्टेट चॅम्पियन दरवर्षी पन्नास राज्यांत ढिगाने तयार होतात, त्यामुळे त्याच्या मागे लागायला कॉलेजांची रांग वगैरे नव्हती. नेब्रास्का युनिव्हर्सिटीने घेतलं, मार्क मॅनिंग तिथले कोच. पहिल्या सीझनचा रेकॉर्ड काय, तर 16 विजय आणि 13 पराभव. हा आकडा मला फार आवडतो. ऑलिंपिक धरून सात वेळा जगात पहिला आलेला माणूस कॉलेजच्या पहिल्या वर्षी जवळजवळ निम्म्या कुस्त्या हरत होता, आणि आपल्याकडे सतरा वर्षांच्या पोराने दोन जिल्हा स्पर्धा हरल्या की घरचे म्हणतात आता पोलीस भरतीचं बघ.

मग 2009 ला तोच माणूस 35-0 करून एनसीएए चॅम्पियन, म्हणजे सगळ्या अमेरिकेतल्या कॉलेजांचा चॅम्पियन. 2010 ला गुडघ्याचे लिगामेंट गेले, सीझन पाण्यात. 2011 ला परत आला, एक वजनगट वर सरकून, आणि 36-0. त्या वर्षीची हॉज ट्रॉफी पण त्यालाच मिळाली, म्हणजे कॉलेज कुस्तीतला वर्षातला सगळ्यात भारी पैलवान.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजात जी कुस्ती चालते ती ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल नसतेच. तिला फोकस्टाइल म्हणतात आणि तिचा सगळा भर कंट्रोलवर. समोरच्याला खाली घेतला की त्याच्या पाठीवर बसून राहायचं, उठू द्यायचं नाही, जितका वेळ वर राहाल त्याचा पण हिशोब होतो. खालच्याने सुटका करून घेतली तर त्याला पॉइंट. फ्रीस्टाइलमध्ये हे सगळं निरुपयोगी. तिथे समोरच्याची पाठ मॅटकडे वळवली की पॉइंट, आणि खाली घेऊन नुसतं धरून बसलात तर रेफरी थोड्या वेळात उभं करतो. त्यामुळे कॉलेजचे भले भले चॅम्पियन आंतरराष्ट्रीय कुस्तीत आले की रशियन आणि इराण्यांकडून दोन-तीन वर्षं मार खातात, मग कुठे जम बसतो. बरोजने मार्चमध्ये कॉलेजचं टायटल घेतलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इस्तंबूलला तो 74 किलोचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. मध्ये फक्त एक उन्हाळा.

हे जमलं कारण त्याची कुस्ती जमिनीवरची नव्हतीच, ती उभ्याची होती. आणि उभ्याच्या कुस्तीत त्याच्याकडे एक डाव होता. दुहेरी पट. अमेरिकन लोक डबल लेग म्हणतात आणि बरोजच्या डबलला ब्लास्ट डबल म्हणतात, कारण तो पट काढतो कमी आणि माणसाच्या आरपार जातो जास्त.

पट म्हणजे कुस्तीतली अगदी बाराखडी. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला जे पहिल्या काही दिवसांत शिकवतात त्यात एकेरी पट, दुहेरी पट असतोच. समोरच्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या मागे हात घालायचे, खांदा पोटात द्यायचा आणि उचलून पाडायचा. सांगायला दोन ओळी. करायला गेलं की कळतं. नवीन पोरं काय करतात, तर आधी मान खाली घालतात. मान खाली गेली की डोळे मातीकडे, डोळे मातीकडे गेले की समोरच्याने पाय मागे टाकून छातीचं वजन मानेवर सोडलेलं असतं, आणि मग पोरगं तिथेच कुस्करतं आणि वस्ताद लांबून ओरडतात, डोकं वर, अरे डोकं वर!

बरोजचे व्हिडिओ स्लो करून बघा. डोकं शेवटपर्यंत वर. आणि तो वाकत नाही, तो बसतो, म्हणजे कंबरेतून खाली न झुकता गुडघ्यांतून खाली जातो, पाठ सरळच्या सरळ. त्याआधी काय करतो ते जास्त महत्त्वाचं आहे. हाताशी हात चालू असतात, मनगट पकड, झटक, परत पकड, आणि मध्येच तो समोरच्याची मान खाली ओढतो. जोरात नाही. एवढीच की समोरचा चिडून मान वर करेल. समोरच्याने मान वर केली, शरीर जरा ताठ झालं, पाय जरा जवळ आले, की त्या अर्ध्या सेकंदात हा आत. बहुतेक पैलवान आत शिरताना एक गुडघा मॅटला टेकवतात आणि मग उठतात, याचे पाय थांबतच नाहीत, पळण्याच्या शर्यतीत सुटल्यासारखे चालूच राहतात आणि समोरचा माणूस मागे मागे जात धाडकन पाठीवर. कधी कधी तर इतक्या लांबून शिरतो की वाटतं, आता हा तोंडावर पडणार. पडत नाही.

आणि सगळ्या जगाला माहीत होतं की हा दुहेरी पटच काढणार. रशियाचे कोच त्याच्या टेप बघून येत होते, इराणचे येत होते. माहीत असून थांबवता येत नव्हता. डेनिस त्सार्गुश आधीच वर्ल्ड चॅम्पियन होता, त्यालाही 2011 आणि 2012 दोन्ही वर्षी हरवलं. लंडनच्या फायनलला इराणचा सादेघ गुदर्झी समोर, जो आदल्या वर्षी इस्तंबूलच्या फायनललाही समोर होता. तेव्हाचे नियम वेगळे होते, दोन-दोन मिनिटांचे राऊंड, तीनपैकी दोन जिंकायचे, आणि टेकडाऊनला, म्हणजे समोरच्याला खाली घेतलं की, एकच पॉइंट. बरोजने 1-0, 1-0 ने घेतलं. वय 24. ‘ऑल आय सी इज गोल्ड’ हे त्याचं ट्विटरचं हँडल, मला फक्त सोनंच दिसतं, आणि हे त्याने गोल्ड मिळाल्यावर ठेवलेलं नाही, आधीपासून होतं. अमेरिकेतल्या कुस्तीप्रेमी देणगीदारांचा एक फंड आहे, त्यातून ऑलिंपिक गोल्डला अडीच लाख डॉलर मिळत होते, तेही त्याने उचलले.

2013 च्या फेब्रुवारीत आयओसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती 2020 च्या ऑलिंपिकमधून काढायची शिफारस केली आणि सगळ्या कुस्तीजगतात बोंबाबोंब झाली. आपल्याकडेही झाली, आठवत असेल. मग नियम बदलले, तीन-तीन मिनिटांचे दोन राऊंड, पॉइंट एकत्र मोजायचे, टेकडाऊनला दोन. आणि कुस्ती वाचवायला अमेरिका, इराण आणि रशिया एकत्र आले, जे दुसऱ्या कुठल्या विषयावर एकत्र आलेत असं मला तरी आठवत नाही. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनमध्ये, हो स्टेशनमध्येच, मॅट टाकून कुस्त्या लावल्या. इराणने अमेरिकेला 6-1 ने धुतलं. तो जो एक आहे तो बरोज, समोर परत गुदर्झी.

इराणचं आणि त्याचं प्रकरण गमतीशीर आहे. सात वेळा तो जगात पहिला आला, त्यातल्या पाच फायनलमध्ये समोर इराणी होता. दोनदा गुदर्झी, एकदा अकबरी, दोनदा नोखोदी. म्हणजे या माणसाने इराणच्या तोंडचा घास पाचदा काढला, आणि तरी इराणमध्ये त्याच्यावर लोक जीव टाकतात. 2017 ला ट्रम्पने व्हिसाबंदी केली, इराणने उत्तर म्हणून अमेरिकन टीमला वर्ल्ड कपसाठी व्हिसा नाकारला, मग कोर्टाने बंदी थांबवली आणि इराणनेही दार उघडलं. टीम केरमानशाहला गेली तर बरोजबरोबर फोटो काढायला झुंबड. कुस्ती कळणाऱ्या गावात असंच असतं. आपल्याकडेही हलगी वाजवून आणलेला पंजाबचा पैलवान आपल्या पैलवानाला पाडून जातो आणि लोक त्यालाच फेटा बांधतात, त्यालाच इनाम देतात.

2013 ला वर्ल्डच्या साधारण महिनाभर आधी घोटा मोडला. ऑपरेशन करून आत प्लेट आणि स्क्रू बसवले, आणि त्याच पायावर बुडापेस्टला जाऊन गोल्ड. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सलग 69 विजयांची मालिका तुटली, तीही परदेशी पैलवानाकडून नाही, अमेरिकेच्याच निक मॅरेबलकडून. त्या वर्षीच्या वर्ल्डला, ताश्कंदला, गुडघा दुखावला, त्सार्गुशने जुना हिशोब चुकता केला, ब्राँझवर भागवावं लागलं.

आणि मग 2015, लास व्हेगास. हा पोडियम आपल्या लोकांनी नीट बघायला हवा, कारण त्यावर आपला माणूस उभा आहे. 74 किलो. गोल्ड बरोज, सिल्व्हर मंगोलियाचा पुरेवजाव, आणि दोन ब्राँझ, एक रशियाचा अनियुआर गेदुएव आणि दुसरा नरसिंग यादव. तोच, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला, मूळ घर उत्तर प्रदेशचं पण वाढला मुंबईत, जोगेश्वरीला. त्या ब्राँझने भारताला रिओचा कोटा मिळाला.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कोटा नरसिंगने मिळवला पण ट्रायल मागितली सुशील कुमारने, प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथून नरसिंग सुटला तर डोपिंगमध्ये अडकला, जेवणात कोणीतरी मिसळलं असं तो सांगत राहिला, नाडाने (भारताची डोपिंगविरोधी संस्था) सोडलं, वाडाने (जागतिक संस्था) आव्हान दिलं आणि 18 ऑगस्ट 2016 ला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. खरं खोटं काय ते मला माहीत नाही, मी त्यात पडत नाही. पण 19 ऑगस्टला रिओमध्ये 74 किलोच्या कुस्त्या सुरू झाल्या तेव्हा व्हेगासच्या पोडियमवरचा एक माणूस मॅटवर नव्हताच. आणि संध्याकाळपर्यंत दुसराही गेला होता.

बरोजची क्वार्टर फायनल गेदुएवशी. गेदुएवच्या डोक्याला जखम, रक्त थांबेना, पट्टी बांध, परत सुटली, परत बांध, दर थोड्या वेळाने कुस्ती थांबायची. लय बसेना. बरोज 3-2 ने हरला. एका पॉइंटने हरण्यात लाज काही नाही, गेदुएव काही साधा नव्हता. पुढे गेदुएव फायनलला गेला (तिथे इराणच्या हसन यझदानीने त्याला पाडला), त्यामुळे नियमाप्रमाणे बरोजला रेपेचाज मिळालं, म्हणजे फायनलिस्टकडून हरलेल्याला ब्राँझसाठी एक संधी. समोर उझबेकिस्तानचा बेकझोद अब्दुरखमोनोव, जो अमेरिकेतल्याच क्लॅरियन युनिव्हर्सिटीत शिकलेला, म्हणजे घरचाच म्हणा. स्कोअर 11-1.

अकरा एक. दहाचा फरक झाला की कुस्ती वेळेआधीच थांबवतात, तशी थांबवली. ही कुस्ती मी परत बघायला घेतो आणि दर वेळी मध्येच बंद करतो. तो थकला होता असं नाही, त्याचं मन तिथे नव्हतंच. एकच रंग दिसणाऱ्या माणसाला ब्राँझसाठी लढायला पाठवलं तर असंच होणार. बाहेर आल्यावर कॅमेऱ्यासमोर रडला, बायको-पोरांना सोडून किती दिवस बाहेर राहिलो आणि हाती काय, असं काहीबाही बोलत राहिला. आदल्याच दिवशी अमेरिकेच्या हेलन मरुलिसने जपानच्या साओरी योशिदाला हरवून इतिहास केला होता, दोन दिवसांनी 20 वर्षांच्या काइल स्नायडरने गोल्ड घेतलं. अमेरिकेला नवे चेहरे मिळाले होते, जुना चेहरा रडताना दिसला.

इथे बहुतेक जण थांबतात, कोचिंगला जातात. तो पुढच्या वर्षी पॅरिसला वर्ल्ड चॅम्पियन झाला, रशियाच्या त्साबोलोवला 9-6 ने हरवून. दोघांनी एकमेकांना धू धू धुतलं त्या फायनलमध्ये. पण खरी अडचण रशियात नव्हती, घरात होती. तिचं नाव काइल डेक. कॉलेजात चार वर्षांत चार वेगवेगळ्या वजनात चॅम्पियन झालेला हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं बरोजच्या मागे दोन नंबरला अडकलेला. 2018 पासून वर्ल्डला वजनगट दहा झाले, त्यात 79 किलो आलं, डेक तिकडे गेला आणि 2018, 2019 दोन्ही वर्षी वर्ल्ड चॅम्पियन. म्हणजे अमेरिकेत दोन नंबर असलेला माणूस जगात एक नंबर. आणि अमेरिकेतला एक नंबर त्या दोन्ही वर्षी रशियाच्या झाउरबेक सिदाकोवकडून हरून ब्राँझवर, 2019 ला तर अगदी शेवटच्या क्षणी.

ऑलिंपिकला मात्र सहाच वजनं. 79 नाही. त्यामुळे डेकला 74 ला परत यावंच लागलं, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये टेक्ससला फोर्ट वर्थमध्ये ट्रायल झाल्या तेव्हा त्याने बरोजला सलग दोन कुस्त्यांत हरवलं, 3-0 आणि 3-2. टोकियोचं तिकीट डेकचं. बरोज 32 वर्षांचा, बरीच पोरंबाळं पदरात, गाव बदलून नेब्रास्काहून फिलाडेल्फियाला आलेला, कोच बदललेला.

आणि मग त्याने डेकचीच वाट धरली. वर, 79 किलोत.

काही लोक याला पळवाट म्हणतात. माझ्या ओळखीचा एक जण, स्वतः मॅटवर खेळलेला, तो तर स्पष्ट म्हणतो की ऑलिंपिकमध्ये नसलेलं वजन म्हणजे रिकामं मैदान, तिथे कोणीही झेंडा रोवेल. मला हे पटत नाही. एक तर पाच किलो म्हणजे काय हे कुस्ती खेळलेल्याला सांगायला नको. तिथली बरीच पोरं एरवी त्याहून जड असतात आणि वजन तोडून खाली उतरतात. हा तेहतिशीतला माणूस खालून वर आलेला. आणि दुसरं म्हणजे त्याचा डाव. ब्लास्ट डबलला लागतो तो वेग, आणि वेग वयाबरोबर सगळ्यात आधी जातो. 79 चा बरोज बघा, तो तितक्या लांबून शिरतच नाही. हाताशी जास्त खेळतो, कडेला ढकलून एक पॉइंट काढतो, समोरच्याचा हल्ला परतवून त्याचा पॉइंट करतो, आघाडी घेतली की ती सांभाळतो, जे तरुणपणी त्याला कधी करावंच लागलं नाही. पट अजून आहे, पण राखून ठेवलेला, आणि तो कधी येणार हे समोरच्याला आता खरंच माहीत नसतं. ऑक्टोबर 2021, ओस्लो, फायनलला इराणचा मोहम्मद नोखोदी, 5-1. पुढच्या वर्षी बेलग्रेड, परत नोखोदी, 4-2. सहावं आणि सातवं. लंडनच्या गोल्डपेक्षा मला ही दोन जास्त प्यारी आहेत, कोणी काही म्हणो.

त्यानंतर उतार. 2023 ला चान्स मार्स्टेलरने टीमबाहेर ठेवलं. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकसाठी परत 74 ला आला, 35 वर्षांचा, ट्रायल पेन स्टेट युनिव्हर्सिटीला, आणि तिथे पेन स्टेटचाच जेसन नोल्फ समोर. घरचं मैदान, घरची पब्लिक. हरला. पुढे डेकने नोल्फला हरवून पॅरिस गाठलं आणि ब्राँझ आणलं.

सात गोल्डचा आकडा अमेरिकेत दुसऱ्या कोणाकडे नाही, आधी जॉन स्मिथकडे सहा होती. आणि इथेच आमचं भांडण लागतं. स्मिथ ओक्लाहोमाचा, 62 किलोचा, 1987 ते 1992 सलग सहा वर्षं जगात पहिला, त्यात दोन ऑलिंपिक गोल्ड, एकही वर्ष रिकामं नाही. त्याचा डाव एकेरी पट, तोही इतका खालून की हात सरळ घोट्याला. तो मघाचा मॅटवाला मित्र म्हणतो स्मिथच मोठा, दोन ऑलिंपिक म्हणजे दोन ऑलिंपिक, आणि सहाच्या सहा एका दमात. मी म्हणतो एका दमात केलं म्हणूनच, त्याला 11-1 नंतर परत लंगोट कसावा लागला नाही. तो म्हणतो हरला नाही हा काय त्याचा गुन्हा झाला का. यावर माझ्याकडे धड उत्तर नाही, पण मत बदललेलं नाही.